पशुवैद्यक प्रवेशाच्या वाटेवर : मनाचा तोल आणि कागदांची तयारी



दरवर्षी बारावीचे निकाल लागले की आमच्या मार्गदर्शन वर्गात मुलामुलींची व पालकांची गर्दी होते. त्यांत अलीकडे 'गुरांचा डॉक्टर' होऊ इच्छिणारे विद्यार्थी वाढत आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु प्रवेशाच्या त्या दोन-तीन महिन्यांत काही मुले इतकी खचतात की त्यांचे खाणेपिणे सुटते. म्हणून या अभ्यासक्रमाची माहिती देतानाच मन ताळ्यावर कसे ठेवावे, याविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्हाला वाटले.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एक मुलगा पहिल्या फेरीची यादी पाहून आला आणि दोन दिवस कोणाशी बोलला नाही. वडील हमाली करणारे, आई धुणीभांडी करणारी. आईने त्याला आमच्याकडे आणले. आम्ही एवढेच विचारले, "तू हा अर्ज कशासाठी केला होतास?" बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "गावी आजीच्या चार शेळ्या एका पावसाळ्यात मेल्या. डॉक्टर पोहोचेपर्यंत उशीर झाला होता." तो आंत्रविषार होता. त्याची लस पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी लागते, हे आजीला कोणी सांगितलेच नव्हते. या मुलाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगू.

अभ्यासक्रम व प्रवेश

पशुवैद्यकाची पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातील शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी असते. भारतीय पशुवैद्यक परिषद ही १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था त्याचे नियम ठरविते. आपल्या राज्यात हे शिक्षण महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते. त्याचे मुख्य ठाणे नागपूर असून स्थापना २००० सालची आहे. मुंबईचे महाविद्यालय मात्र १८८६ पासूनचे आहे. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथील महाविद्यालयेही याच विद्यापीठाची होत.

प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो. ही परीक्षा ७२० गुणांची असते आणि ती मराठीतूनही देता येते. येथे एक चूक वारंवार घडते. नीट दिली म्हणजे अर्ज झाला, असे अनेकजण समजतात. तसे नाही. पशुवैद्यकासाठी विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. अखिल भारतीय कोट्यातील १५ टक्के जागांसाठी पशुवैद्यक परिषदेकडे आणखी एक अर्ज असतो. एमबीबीएसच्या प्रवेशाचा अर्ज भरून हे दोन्ही अर्ज भरले जात नाहीत. तिन्हींच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

आकड्यांची भीती

नीटला २०२४ मध्ये आणि २०२५ मध्येही २२ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एवढ्या गर्दीतला आपला क्रमांक पाहिला की छातीत धस्स होते. पण हे ध्यानात घ्यावे की त्यांतील बहुसंख्यांचे लक्ष एमबीबीएसकडे असते. पशुवैद्यकाची गुणवत्ता यादी त्यासाठी अर्ज केलेल्यांचीच लागते. शिवाय वैद्यकीय व दंत शाखेच्या फेऱ्या पुढे सरकतात तशी काही मुले तिकडे जातात आणि इकडच्या जागा मोकळ्या होतात. म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून धीर सोडू नये. त्याचबरोबर, प्रत्येक फेरीत नाव येईलच असेही धरून बसू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात बाळगणे, यालाच आम्ही तोल म्हणतो.

आपल्या हातात काय आहे?

गुण लागले की ते बदलत नाहीत. कागदपत्रे मात्र आपल्या हातात असतात. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जातवैधता प्रमाणपत्र लागते. अकरावी-बारावीतच महाविद्यालयामार्फत त्याचा अर्ज करावा. निकालानंतर धावपळ केल्यास वेळ हातचा जातो. गुण असूनही केवळ या एका कागदापायी जागा हुकलेली मुले आम्ही पाहिली आहेत. या सवलतीचे मोलही ओळखले पाहिजे. १९५६ मध्ये बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींतील कुटुंबांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत, म्हणजे ३४ वर्षे वाट पाहावी लागली. एवढ्या प्रतीक्षेने मिळालेला हक्क कागद वेळेवर न काढल्यामुळे वाया जाऊ देणे बरे नव्हे.

दुसरे, अर्जापूर्वी आठ-पंधरा दिवस जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन काम पाहावे. शेण, रक्त, रात्री-अपरात्रीची अडलेली गाय, हे सारे पाहूनही ज्याला हे काम आवडले, त्याने खुशाल यावे. एमबीबीएस हुकले म्हणून नाइलाजाने येणाऱ्याला मात्र साडेपाच वर्षे जड जातात.

तिसरे, पुन्हा परीक्षेला बसायचे असेल तर किती वर्षे, हे निकालापूर्वी घरात बसून ठरवावे. नीटला किती वेळा बसावे यावर बंधन नाही. पण घरच्या मिळकतीला बंधन असते. एखादे वर्ष देणे समजू शकते. वर्षामागून वर्षे शिकवणीवर्गाची फी भरताना धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबत असेल, तर ते योग्य नव्हे.

चौथे, शेजारच्या वाटा पाहून ठेवाव्यात. याच विद्यापीठात दुग्ध तंत्रज्ञान व मत्स्य विज्ञान या पदव्या आहेत. त्यांची प्रवेशपद्धती वेगळी असते, म्हणून माहितीपत्रक आधीच वाचावे.

या विद्येचे मोल

पशुवैद्यकाला पशुधन विकास अधिकारी, बँकेतील कृषी अधिकारी, सैन्यातील पशुवैद्यक अधिकारी, दूध संघ, कुक्कुटपालन असे अनेक मार्ग खुले असतात. पण नोकरीपलीकडेही या विद्येला अर्थ आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हा गावोगाव लसीकरण करणाऱ्यांची किंमत शेतकऱ्याला कळली. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. भूमिहीनाच्या दारची एक शेळी दगावते तेव्हा त्या घरची बँकच बुडते.

पालकांसाठी दोन शब्द

"अमक्याचा मुलगा लागला, तुझे काय?" हा प्रश्न कृपया विचारू नये. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, तर रागावण्याऐवजी त्याच्याजवळ बसावे. गरज वाटल्यास सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तेथे बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता त्या मुलाविषयी. त्याला त्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. घरात ठरल्याप्रमाणे त्याने आणखी एक वर्ष दिले; तेव्हाही थोडक्यात हुकले. मग त्याने सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले. आज तो एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. दर मे महिन्यात तो गावी जातो आणि पावसाळ्याआधी शेळ्यांना लस टोचून घ्या, असे घरोघर सांगतो. तो पशुवैद्यक झाला नाही. त्याची खंत त्याला आहे आणि ती असणारच. पण ज्यासाठी त्याने अर्ज केला होता ते काम थांबलेले नाही.

तेव्हा मुलांनो, अर्ज जरूर करा, कसून अभ्यास करा, कागद वेळेवर काढा. यादीत नाव आले तर आनंदाने जा. नाही आले, तर आपण अर्ज कशासाठी केला होता ते आठवा आणि त्याच दिशेने दुसरी वाट धरा. आमचे दार तुम्हाला दोन्ही वेळी उघडे आहे.