विश्लेषण : जीएसटीचा दर बदलला की बिलिंग सॉफ्टवेअर का गडबडते?

२२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्टवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. दुकानदारासाठी हा एका आकड्याचा बदल. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तो किती ठिकाणी करावा लागतो, यावर सारे अवलंबून असते.

गडबड कुठे होते?

बिल, परत आलेला माल, मासिक अहवाल अशा प्रत्येक स्क्रीनचा कोड डेटाबेसला आपापल्या परीने ‘या वस्तूचा दर काय?’ असे विचारत असतो. काम घाईचे असले की आधीच्या स्क्रीनची क्वेरी कॉपी केली जाते. पुढे दर बदलतो तेव्हा चार ठिकाणी दुरुस्ती होते, पाचवे राहून जाते. मग बिलावर ५ टक्के आणि अहवालात १८!

उपाय काय?

दर विचारण्यासाठी एकच फंक्शन लिहायचे आणि सगळ्या स्क्रीननी त्यालाच विचारायचे. दर कोणत्या टेबलमध्ये आहे, हे फक्त त्या फंक्शनला ठाऊक असते. टेबल बदलले तरी दुरुस्ती एकाच जागी.

फंक्शनला काय सांगायचे?

खरी मेख इथे आहे. फक्त वस्तूचा कोड दिला तर ते आजचा दर सांगेल. पण २० सप्टेंबरला विकलेला शाम्पू ग्राहकाने २५ तारखेला परत आणला तर? मूळ बिल १८ टक्क्यांचे, म्हणून क्रेडिट नोटही १८ टक्क्यांचीच हवी. त्यामुळे वस्तूबरोबर मूळ बिलाची तारीखही द्यावी लागते. टेबलमध्येही जुना दर खोडायचा नसतो. ‘अमुक तारखेपासून लागू’ अशी नवी ओळ घालायची असते. जुना दर एकदा पुसला गेला की फंक्शन कितीही सुबक असो, उत्तर चुकणारच.

सुरक्षेचे काय?

स्क्रीनवर टाइप केलेला मजकूर थेट क्वेरीत जोडला तर ‘एसक्यूएल इंजेक्शन’ची वाट मोकळी होते. तो पॅरामीटर म्हणून वेगळा पाठवावा लागतो. विचारणारे फंक्शन एकच असेल, तर ही काळजीही तिथेच घेता येते.

मग अडचण कुठे येते?

वेगात. एका वस्तूसाठी लिहिलेले फंक्शन मासिक अहवालात पाच हजार वस्तूंसाठी वापरले, तर डेटाबेसकडे पाच हजार फेऱ्या होतात आणि अहवाल रखडतो. त्यासाठी वस्तूंची अख्खी यादी घेऊन सगळे दर एकाच फेरीत आणणारे जोड-फंक्शन सुरुवातीलाच लिहिलेले बरे.