सुट्टीत खाणीवर निघालेली लेक

 आज आम्ही तुमच्याशी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहोत. विषय आहे खाणीचा, आणि तिथे शिकायला जाणाऱ्या मुलींचा.

झालं असं. आमच्या बचत गटातल्या एका ताईंची लेक नागपूरला खाण अभियांत्रिकी शिकते. एप्रिलच्या बैठकीत ताईंनी एक पत्र आणलं. लेकीला उन्हाळी सुट्टीत भंडारा जिल्ह्यातल्या मँगनीजच्या खाणीत प्रशिक्षणासाठी जायची परवानगी मिळाली होती. खर्चासाठी गटाकडून आठ हजारांचं कर्ज हवं होतं. आम्ही लगेच हो म्हणणार, तेवढ्यात मुलीची आजी बोलली, "म्या अकरा वरसं खडी फोडली. पाठ गेली, खोकला आला. आता नात बी खाणीतच?"

सगळ्या गप्प झाल्या. आजींचं चूक नव्हतं. मावळात खाण म्हणजे दगडखाण आणि क्रशर. सुरुंगाचा आवाज, घराला गेलेले तडे, भाकरीवर बसणारी धूळ. त्या दिवशी कर्जाचा ठराव झाला नाही. आधी माहिती काढायची असं ठरलं. ती माहिती आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

खाणीचं शिक्षण म्हणजे काय?

जमिनीतून दगड किंवा खनिज कसं काढायचं, छत कोसळू नये म्हणून आधार कसा द्यायचा, आत हवा कशी खेळवायची, पाणी कसं उपसायचं, सुरुंग कुठे आणि किती लावायचा, हे सगळं या शिक्षणात येतं. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत याची पदवी आहे. दहावीनंतर करता येणारा पदविका अभ्यासक्रमही आहे. विदर्भातच का? कारण कोळसा चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत आहे, तर मँगनीज नागपूर आणि भंडाऱ्यात. मँगनीज पोलाद बनवायला लागतं. आपल्या विजेरीच्या सेलमध्येही ते असतं.

आपल्याकडे अशा खाणी नाहीत, तरी हे ज्ञान आपल्याला परकं नाही. कार्ले-भाजे लेणी याच काळ्या पाषाणात दोन हजार वर्षांपूर्वी कोरली. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरं झालं. त्यात पंचवीस बोगदे होते. १८५९ मध्ये सोलोमन ट्रेडवेल या ठेकेदाराने ते काम घेतलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका सोडला नाही. हाताखाली अभियंते नेमून तिने काम तडीस नेलं. पण त्या घाटात पटकी आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, हेही विसरता येत नाही. आता द्रुतगती मार्गाच्या नव्या जोडरस्त्यासाठी कुसगावच्या बाजूने बोगदे खोदले गेले. त्यातला मोठा बोगदा जवळजवळ नऊ किलोमीटरचा आहे आणि तो लोणावळा तलावाखालून जातो. असा डोंगर फोडायला जी विद्या लागते, तीच खाणीत लागते.

बाईला खाली जाता येतं का?

हा प्रश्न आमच्या बैठकीत तीनदा विचारला गेला. उत्तर जरा मागून सांगायला हवं.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशातल्या कोळसा खाणींत बायका जमिनीखाली काम करत. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून वाहायची. १९२९ पासून त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढलं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला, तेव्हा १९४३ मध्ये बंदी उठवली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये पुन्हा घातली. गरज होती तेव्हा बाई चालली, गरज संपली तशी तिची काळजी वाटू लागली! पुढे १९५२ च्या खाण कायद्यानेही स्त्रियांना जमिनीखालच्या कामाला मनाई केली.

म्हणजे मुलगी शिकली तरी खाली नोकरी नाही. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना तर नव्वदच्या दशकात या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळवायलाच न्यायालयात जावं लागलं. पुढे त्या देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता म्हणून ओळखल्या गेल्या.

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलला. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी स्त्रिया सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात जमिनीखाली जाऊ शकतात, असं ठरलं. त्यासाठी तिची लेखी संमती हवी आणि एका पाळीत किमान तिघी असाव्यात, अशा अटी घातल्या. २०२१ मध्ये झारखंडच्या चुरी भूमिगत कोळसा खाणीत आकांक्षा कुमारी अभियंता म्हणून रुजू झाल्या. त्याच वर्षी गोव्याच्या योगेश्वरी राणे यांच्याकडे राजस्थानातल्या कायड खाणीच्या नियोजनाची आणि कामकाजाची धुरा आली.

सुट्टीतलं प्रशिक्षण कसं मिळतं?

वर्गात फळ्यावर खाण काढता येते, पण दगडाचा आवाज ऐकता येत नाही. म्हणून या विद्यार्थ्यांना सुट्टीत काही आठवडे खऱ्या खाणीवर जावं लागतं. महाविद्यालय खाण कंपनीला पत्र देतं. ओळखपत्र, विमा, पालकांचं संमतीपत्र असे कागद लागतात. जागा थोड्या आणि मागणारे फार, म्हणून अर्ज लवकर करावा. यात बहुतेक ठिकाणी पगार मिळत नाही. राहण्याजेवणाचा खर्च घरून करावा लागतो, हे आधीच धरून चालावं.

आमच्या लेकीला ही जागा कशी कळली, तर एका परिषदेतून. खाण क्षेत्रातल्या लोकांच्या जुन्या संघटना आहेत. एक १९०६ ची, कोलकात्याची खनन, भूगर्भ व धातुशास्त्र संस्था. दुसरी १९५७ ची, खाण अभियंत्यांची भारतीय संघटना. अशा संघटना परिषदा आणि चर्चासत्रं भरवतात. तिथे खाण व्यवस्थापक, शास्त्रज्ञ, यंत्रं बनवणारे आणि विद्यार्थी एका छताखाली येतात.

लेक सांगत होती, "पहिल्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले. सगळे पुरुष. दुसऱ्या दिवशी धीर करून प्रश्न विचारला, की भेगाळ खडकात छताला आधार कसा देता?" चहाच्या वेळी एका अभियंत्याने स्वतः येऊन तिला समजावलं आणि प्रशिक्षणाचा अर्ज कुठे करायचा तेही सांगितलं. तिने नाव वहीत लिहून घेतलं आणि आठवड्याच्या आत अर्ज पाठवला. परिषदेला जाणाऱ्या मुलींना आमचं एवढंच सांगणं: एक प्रश्न घरूनच तयार करून न्या, आणि भेटलेल्या माणसाचं नाव लिहून ठेवा.

तिथे ती काय करते?

आजींना वाटत होतं, नात टोपली वाहणार. तसं नाही. प्रशिक्षणार्थी मुलगी काम बघते, मोजमाप घेते, विचारते आणि रोज वही लिहिते. खाली जाण्याआधी सुरक्षेचे नियम शिकवतात. हेल्मेट, डोक्यावरचा दिवा, जाड बूट घालायचे. आत जाताना नोंद, बाहेर येताना नोंद, म्हणजे खाली किती माणसं आहेत ते वर नेमकं कळतं. काडेपेटी, विडी न्यायची नाही. सुरुंग उडवण्याआधी भोंगा होतो आणि सगळ्यांना दूर करतात. मँगनीज काढून झालेली पोकळी वाळूने कशी भरतात, ते तिने डोळ्यांनी पाहिलं. शेवटी अहवाल लिहायचा आणि महाविद्यालयात तोंडी परीक्षा द्यायची.

पदवी मिळाली की लगेच खाण व्यवस्थापक होता येत नाही. ठरावीक काळ खाणीत काम, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि मग खाण सुरक्षा महासंचालनालयाची परीक्षा, असा तो रस्ता आहे.

पाठवण्याआधी काय विचारावं?

आम्ही बैठकीत यादी केली. तुम्हीही लिहून घ्या.

राहायची सोय कुठे, आणि सोबत आणखी मुली आहेत का?
खाणीपर्यंत जायला-यायला गाडी कोणाची?
तिच्यावर देखरेख कोणाची, त्यांचा फोन नंबर काय?
हेल्मेट-बूट मिळतात की आपण न्यायचे?
बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का?
तक्रार समितीत कोण आहे?

शेवटचा प्रश्न लाजून सोडू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ही समिती असलीच पाहिजे.

सगळी उत्तरं मिळाली, तेव्हा मे महिन्यात कर्जाचा ठराव झाला. आजींनी अंगठा दिला, पण बोलल्या नाहीत.

परत आल्यावर

लेक जूनच्या शेवटी परतली. गटापुढे तिने आपली वही उघडली. आजींनी एकच विचारलं, "तिथं डोक्यावर टोपी समद्यांना असती?"

"सगळ्यांना, आजी. टोपीशिवाय आत सोडतच नाहीत."

"आमास्नी पदर हुता," आजी म्हणाल्या.

मग लेकीने जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. सुरुंग लावून दगड काढणारी गावाजवळची दगडखाणसुद्धा कायद्याने खाणच धरतात. तिथल्या मजुरालाही हेल्मेट, पिण्याचं पाणी आणि प्रथमोपचार मिळालाच पाहिजे. बायका कामाला असतील तर त्यांच्या लहान मुलांसाठी पाळणाघराची तरतूदही खाण कायद्यात होती. आजींनी अकरा वर्षं खडी फोडली. त्यांची लेकरं खाणीच्या कडेला झोळीत झोपली. हा त्यांचा हक्क होता, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या बैठकीत आणखी एक ठराव झाला. आमच्या गावांतल्या ज्या बायका आजही दगडखाणीवर जातात, त्यांच्या वस्तीवर एका रविवारी जायचं आणि लेकीने त्यांना हे नियम समजावून सांगायचे. आजी म्हणाल्या, "म्या येते. वाट मला ठावं हाय."

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावातही कुणाची लेक, सून किंवा शेजारीण खाणीवर जात असेल, मग ती वही घेऊन जाणारी असो की घमेलं घेऊन. तिच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, एवढं येत्या बैठकीत जरूर विचारा. नमस्कार.