धडगावच्या बाजारातला बोंबील

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही मे महिन्यात धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या बाजारात गेलो, की सुक्या बोंबलांचे आणि सुकटीचे ढीग दिसतात. पावसाळ्याची बेगमी म्हणून लोक ते घेऊन ठेवतात. ही बेगमी पावसाआधीच का करावी लागते? उत्तरासाठी आपल्याला थेट समुद्रावर जावे लागेल.

बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते, त्यामुळे तो लवकर नासतो. म्हणून वसई, अर्नाळा, वर्सोवा येथे बांबूंना ताणलेल्या दोरांवर जबड्यात जबडा अडकवून त्याच्या जोड्या वाळत घालतात. पावसाळी दमट हवेत हे जमत नाही.

बोंबील धरायचे मुख्य साधन म्हणजे डोल जाळे. पिशवीसारखे हे जाळे बोट ओढत नेत नाही. ते एका जागी बांधलेले असते आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्याच्या तोंडात आणून सोडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा प्रवाह जोरात असतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, प्रवाह मंदावतो आणि जाळे नुसते लोंबत राहते. कोळ्यांचे कॅलेंडर तिथीवर का चालते, ते यावरून कळेल.

पण मुळात मासळीला खाणे कोठून मिळते? एक सोपा प्रयोग करू या. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या आणि त्यावर रंगीत गरम पाणी चमच्यावरून अलगद सोडा. रंग वरच राहतो. उष्ण समुद्राचेही असेच असते. वरचे गरम, हलके पाणी झाकणासारखे बसते आणि तळाकडचे नायट्रेट, फॉस्फेट वर येत नाहीत. वर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही!

हे झाकण उघडते कसे? अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात जमिनीकडून कोरडे वारे येतात. बाष्पीभवनाने वरचे पाणी थंड, खारट आणि जड होऊन खाली बसते, खालचे वर येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात मोजमापे घेऊन हे दाखवून दिले. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात भरतीच पाणी घुसळते. शिवाय नद्या गाळ आणतात. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या तापी आणि नर्मदा खंबातच्या आखाताला मिळतात. मात्र 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणानंतर तापीचा बराच गाळ जलाशयातच अडतो.

जूनमध्ये समुद्र खवळतो. अनेक माशांच्या पोटात याच काळात गाभोळी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या न लोटण्याची रीत जुनीच; आता जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना कायद्यानेच बंदी असते.

ही बंदी आवश्यक आहे, पण आमच्या मते पुरेशी नाही. बोंबलाची वीण कमीअधिक प्रमाणात वर्षभर चालते आणि डोल जाळ्याच्या टोकाची छिद्रे अगदी बारीक असतात. जवळ्याबरोबर बोंबलाची पिल्लेही त्यात येतात. पूर्ण वाढलेला बोंबील वीतभर किंवा त्याहून लांब असतो. पुढच्या बाजारात विद्यार्थ्यांना पट्टी घेऊन न्या, पन्नास सुके बोंबील मोजायला सांगा, आणि बोटाएवढे किती निघाले ते फळ्यावर मांडा.