बेवारस जमिनीचे वारसदार

बंगळुरू हे अख्खे शहरच एकदा विकायला निघाले होते. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे. पुढे व्यंकोजीराजांचे लक्ष तंजावरकडे लागले आणि दूरच्या बंगळुरूचा सांभाळ त्यांना जड जाऊ लागला. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयर यांच्याशी तीन लाख रुपयांत सौदा ठरला. पण तो पुरा होण्याआधीच १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासीमखान याने शहर ताब्यात घेतले. अखेर तेवढीच रक्कम मोजून म्हैसूरकरांनी ते मोगलांकडून मिळविले. मालक लांब, राखण ढिली आणि किंमत ताबेदाराच्या पदरात! सव्वातीनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी या शहरातील जमिनीच्या व्यवहाराची घडण फारशी बदललेली नाही.

‘बेवारस जमीन’ ही लोकव्यवहारातील कल्पना आहे. कायद्याला ती मान्य नाही. महाराष्ट्रातून आलेल्या महसुली अधिकाऱ्यास जमीन महसूल संहितेचे कलम २० पाठ असते. कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्यात तेच काम कलम ६७ करते. ज्यावर अन्य कोणाचा हक्क सिद्ध होत नाही, ती जमीन, तो रस्ता, तो तलाव राज्य सरकारचा. वारस न ठेवता कोणी निधन पावला, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २९६ नुसार त्याची मालमत्ता सरकारजमा होते. तेव्हा मालक नाही अशी जमीन देशात असू शकत नाही. मालक आहे, पण तो फिरकत नाही, अशी मात्र उदंड आहे. आणि असा सर्वांत मोठा मालक सरकारच आहे.

अशा गैरहजर मालकाविरुद्ध ताबेदाराच्या हाती एक जुने शस्त्र असते. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार खासगी मालकाने बारा वर्षांत आणि सरकारने तीस वर्षांत ताब्यासाठी दावा केला नाही, तर प्रतिकूल ताब्याच्या आधारे मालकी सांगता येते. मात्र हे शस्त्र वाटते तितके धारदार नाही. ताबा उघड, अखंड आणि खऱ्या मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो. विजापूरच्या एका वास्तूवरून कर्नाटक वक्फ मंडळ आणि केंद्र सरकार यांच्यात झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले, की ‘जमीन मुळातच माझी’ आणि ‘दुसऱ्याची होती, पण ताब्याने माझी झाली’ ही दोन विधाने एका तोंडाने करता येत नाहीत. बंगळुरूतील भूमाफियांची खरी अडचण येथेच आहे. त्यांच्याजवळ खोटी का होईना, सनद असते. आणि सनद दाखविली, की प्रतिकूल ताब्याचे दार आपोआप बंद होते. २००८ मध्ये याच न्यायालयाने या कायद्यास तर्कविसंगत ठरवून त्याचा फेरविचार करण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये मात्र ताबेदाराला स्वतः दावा लावण्याचा हक्क दिला आणि त्याच निकालात सार्वजनिक जमिनी अशा मार्गाने जाऊ नयेत, अशी चिंताही व्यक्त केली. विधी आयोगाने २०२३ मधील २८० व्या अहवालात बदलाची गरज नसल्याचे सांगितले. फेरविचार तेथेच थांबला.

न्यायालयाबाहेरचा इतिहास अधिक बोलका आहे. २००७ हे वर्ष त्या दृष्टीने पाहण्याजोगे. त्या वर्षी सात नगर परिषदा, एक नगरपालिका आणि ११० गावे सामावून घेत बृहत् बंगळुरू महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांबरोबर त्यांची गोमाळे, म्हणजे आपली गायराने, तसेच खराबा, तळी आणि ओढेही शहरात आले. त्याच वर्षी आमदार ए. टी. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील विधिमंडळाच्या संयुक्त समितीने बंगळुरू शहर जिल्ह्यात २७,३३६ एकर सरकारी जमीन बळकावली गेल्याचे दाखवून दिले. बनावट सनदा, फिरविलेल्या नोंदी, अधिकाऱ्यांची मिलीभगत हे सारे त्यात होते. आणि त्याच वर्षी बेकायदा बांधकामे दंड भरून नियमित करणारी ‘अक्रम-सक्रम’ची दुरुस्तीही कायद्याच्या पुस्तकात आली. चोरी मोजणारी समिती आणि चोरीला पावती देणारा कायदा एकाच वर्षात यावेत, याला योगायोग म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

पुढे सरकारे बदलली. भाजपच्या राजवटीत २००९ मध्ये माजी अतिरिक्त मुख्य सचिव व्ही. बालसुब्रमणियन यांच्या नेतृत्वाखाली कृती दल नेमले गेले. २०११ मध्ये त्यांनी ‘लोभ आणि साटेलोटे’ अशा अर्थाचे शीर्षक असलेला अहवाल दिला. राज्यभरात सुमारे अकरा लाख एकर सरकारी जमिनीवर अतिक्रमण असल्याचे तो सांगत होता. अहवाल आला आणि कृती दल गुंडाळले गेले. भूबळकाव प्रतिबंधक कायदा २०११ चा, त्याला राष्ट्रपतींची संमती २०१४ मध्ये, विशेष न्यायालय सुरू झाले २०१६ मध्ये. दरम्यान नव्वदी ओलांडलेले स्वातंत्र्यसैनिक एच. एस. दोरेस्वामी यांना या मागण्यांसाठी धरण्यावर बसावे लागले. निजद, भाजप, काँग्रेस यांपैकी कोणालाही या दिरंगाईतून वेगळे काढता येत नाही.

याचे कारण केवळ भ्रष्टाचारात शोधणे पुरेसे नाही. अतिक्रमण करणारा हा एकच वर्ग नाही. सरकारी जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा ‘बगर हुकूम’ शेतकरी वेगळा; त्याला जमीन देण्याची तरतूद कायद्यातच आहे, पण महानगराच्या हद्दीपासून अठरा किलोमीटरपर्यंत ती लागू नाही. बिगरशेती परवानगीशिवाय पाडलेला ‘रेव्हेन्यू साइट’चा तुकडा आयुष्याची पुंजी घालून घेणारा कारकून वेगळा. आणि दोघांच्या आडून शेकडो एकर घशात घालणारा बिल्डर तिसरा. पहिला राजकारण्यांना नैतिक बळ पुरवितो, दुसरा मते आणि तिसरा पैसा. नियमितीकरणाचा प्रत्येक मसुदा पहिल्याच्या नावाने मांडला जातो. त्याचा मोठा लाभ कोणाला होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

सरकारचे स्वतःचे हातही कोरडे नाहीत. केंपेगौडांच्या काळातील धर्मांबुधी तलावावर मुख्य बसस्थानक उभे आहे, संपंगी तलावावर कंठीरव क्रीडासंकुल. तलावांवरील अतिक्रमणाची पाहणी करणाऱ्या कोळिवाड समितीने बंगळुरू शहर व ग्रामीण जिल्ह्यांतील दहा हजारांहून अधिक एकर तलावक्षेत्र गिळले गेल्याचे नोंदविले; गिळणाऱ्यांत सरकारी यंत्रणाही होत्या. एप्रिल २०१५ मध्ये जे. पी. नगरलगतच्या सारक्की तलावाच्या जमिनीवरील घरांवर जिल्हा प्रशासनाने बुलडोझर चालविला, तेव्हा रहिवाशांनी कागद पुढे केले. खरेदीखत होते, वीजजोडणी होती, मालमत्ता कराच्या पावत्याही होत्या. ज्या यंत्रणेने वर्षानुवर्षे कर घेतला, तिच्याच छत्राखाली घर पाडले गेले. तलाव मोकळा व्हायलाच हवा होता, यात वाद नाही; पण नोंदी करणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत बुलडोझर पोहोचत नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. सप्टेंबर २०२२ च्या पुरात आऊटर रिंग रोडवरील संगणक कंपन्यांच्या दारात पाणी शिरले, तेव्हा बुजविलेल्या राजकालव्यांची शहराला पुन्हा आठवण झाली.

या शहरात भूखंड घेऊन पुण्याला किंवा परदेशी परतलेल्या मराठी कुटुंबांनाही यातून सुटका नाही. व्यंकोजीराजांची अडचण तीच त्यांची अडचण आहे. येथील ‘खाता’ म्हणजे कराची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. नुसत्या मुखत्यारपत्रावर घेतलेल्या भूखंडाने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून टाकले आहे. राखणदार ठेवला म्हणून तो मालक होत नाही, हा दिलासा मात्र २०१२ च्या गोव्यातील एका घराच्या खटल्याने दिला आहे: मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षांचा असला, तरी तो मालकाच्याच वतीने असतो. परंतु हे सिद्ध करण्यासाठी परवानगीचा कागद जवळ लागतो. आणि ओळखीच्या माणसाकडून असा कागद लिहून घेणे मराठी मध्यमवर्गाला संकोचाचे वाटते!

अक्रम-सक्रम योजना डिसेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने वैध ठरविली आणि महिनाभरात, जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. सप्टेंबर २०२५ मध्ये बृहत् महानगरपालिका जाऊन तिच्या जागी ग्रेटर बंगळुरू प्राधिकरण आणि पाच महापालिका आल्या. त्याच वर्षी सरकारने अनियमित मालमत्तांच्या ‘ब’ खात्याचे शुल्क घेऊन ‘अ’ खात्यात रूपांतर करण्याची योजना जाहीर केली. रामस्वामी समितीने मोजलेल्या २७,३३६ एकरांतील किती जमीन सरकारच्या ताब्यात परतली, हा प्रश्न त्या जाहिरातींत कोठे नव्हता.