पैसे नाहीत, प्रेक्षक नाहीत, तरी दर मंगळवारी वाजवायला का बसतात? 'जॅझ जॅमिंग' म्हणजे नेमकं काय, वाचा सविस्तर

विठ्ठलवाडी (वार्ताहर) : माझा पुतण्या बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. हळदीच्या सीझनला त्याला श्वास घ्यायला सवड नसते, पावसाळ्यात मात्र हात रिकामे. पण गेलं वर्षभर सीझन असो नसो, मंगळवारी दुपारी तो घरातून निघतो. गोवेलीहून कल्याणची एसटी किंवा टमटम, कल्याणहून कर्जत-बदलापूरकडची लोकल, आणि पहिल्याच स्टेशनला विठ्ठलवाडीला उतरतो. तिथे पाच मित्र एका खोलीत बसून जॅझ वाजवतात. रात्री घरी यायला अकरा वाजतात.

थोरल्या भावाने, म्हणजे त्याच्या बापाने, एक दिवस विचारलं, "सुपारी कितीची?"

"सुपारी नाय बाबा. असंच बसतो."

"असंच म्हणजे?"

या 'असंच'चं उत्तर पोराला देता आलं नाही. त्यात गेल्या महिन्यात त्याने मंगळवारची हळदीची एक सुपारी सोडली. दीड हजार रुपये गेले. घरात भांडण झालं, वहिनी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. शेवटी दादा मला म्हणाला, "तू पेपरवाला ना, जा आणि बघून ये काय चाललंय." म्हणून गेलो. आपल्या भागातली बरीच पोरं बेंजोत, बँडात, भजनात आहेत. त्यांच्याही घरी हा प्रश्न निघत असेल, म्हणून जे बघितलं ते सविस्तर लिहितो.

खोली साधी. कॅरम बाजूला सरकवून जागा केलेली. सॅक्सोफोनवर रेल्वेतून रिटायर झालेले एक काका, गिटारवर बँकेतला एक जण, बेस गिटारवर औषधाच्या दुकानात काम करणारा मुलगा, ड्रमवर शाळेतले सर आणि कीबोर्डवर आमचा पुतण्या. सगळे चप्पल बाहेर काढून बसलेले. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सर ड्रमवर काठीऐवजी तारेचा ब्रश फिरवतात, आणि साडेनऊला बंद म्हणजे बंद. मध्ये चहा. ऐकायला मी एकटाच. माझ्यासाठी कुणी जास्त जोर लावून वाजवलं असंही नाही.

पहिली पंधरा मिनिटं मला वाटलं, हे लोक चुकतायत. मग सर मला म्हणाले, "तुम्ही भजनात बसता ना? मग मोजा." मोजायला लागलो आणि कोडं सुटलं.

आधी हिशेब समजून घ्या

ते जे वाजवत होते त्याला 'बारा बारचा ब्लूज' म्हणतात. बार म्हणजे दारूचा नव्हे. चार मात्रांचा एक खण म्हणजे एक बार. असे बारा खण, म्हणजे 48 मात्रा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. आपल्या तीनतालाची 16 मात्रांची तीन आवर्तनं धरा, तेवढंच.

या बारा खणांत सुरांचे फक्त तीन गुच्छ लागतात. पेटी समोर असेल तर करून बघा. सा-ग-प एकदम दाबले की पहिला गुच्छ, म-ध-सा हा दुसरा, प-नि-रे हा तिसरा. आता क्रम असा : चार खण 'सा'चा गुच्छ, दोन खण 'म'चा, परत दोन 'सा'चा, मग एक खण 'प'चा, एक 'म'चा आणि शेवटी दोन 'सा'चा. झाले बारा. जगभर हाच क्रम चालतो. त्यामुळे ओळखदेख नसलेले पाच जण एकत्र आले, एकाने नुसती पट्टी सांगितली आणि 'ब्लूज' म्हटलं, की लगेच वाजवायला सुरुवात होते. आपल्याकडे बुवाने "काळी दोन" म्हटलं की पखवाजवाला सुराला लावायला घेतो, तसंच.

सुरुवातीला सगळे मिळून ठरलेली चाल वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्याच 48 मात्रांत जे सुचेल ते वाजवतो. मनात आलं तर दोन फेऱ्या, चार फेऱ्या. बाकीचे तोवर खालची जमीन धरून ठेवतात. सगळ्यांचं झालं की पुन्हा मूळ चाल आणि समाप्त. भजनात बुवा आलाप-ताना घेतो, मागचे धृपद धरून ठेवतात आणि बुवा फिरून समेवर येतो. फरक एवढाच, की आपल्याकडे बुवा एकच असतो. तिथे प्रत्येकाला पाच मिनिटांसाठी बुवा व्हावं लागतं, आणि उरलेला वेळ टाळकरी.

खुणाही ठरलेल्या आहेत. वाजवणाऱ्याने मान डोलावली की पुढच्याने घ्यायचं. कुणी स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं की मूळ चालीवर परत यायचं. शेवटी सॅक्सवाले काका चार खण वाजवायचे आणि पुढचे चार खण एकटे ड्रमवाले सर उत्तर द्यायचे. त्यावर माझी मान आपोआप हलली. सवालजवाब हो, दुसरं काय.

मला चुकलेलं वाटत होतं त्याची कारणं दोन. एक म्हणजे आपण टाळी पहिल्या मात्रेवर देतो. ते दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देतात, आपण जिथे हात मोकळा सोडतो तिथे. शिवाय प्रत्येक मात्रेचे दोन सारखे भाग न करता पहिला लांब आणि दुसरा आखूड ठेवतात, म्हणून लय जरा झुलत चालते. दुसरं म्हणजे खाली शुद्ध गंधाराचा गुच्छ चालू असताना वरून ते कोमल गंधार लावतात. आमच्या बुवांसमोर कुणी असं केलं तर पेटी बंद होईल. पण ब्लूजचा जीव त्या घासण्यातच आहे. खरं सांगायचं तर मला ते अजून पूर्ण पचलेलं नाही.

हे आलं कुठून?

अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स हे बंदराचं शहर. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना तिथे रविवारी सुट्टी असायची, आणि काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात ते जमून वाजवायचे, नाचायचे. ही 1800 नंतरच्या काळातली गोष्ट. आठवड्यातून एकच दिवस स्वतःचा, तो त्यांनी वाजवण्यात घालवला. पुढे त्याच शहरात त्यांच्या वंशजांच्या हातात ब्रास बँडची वाद्यं आली, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन. लग्नाला बँड, मिरवणुकीला बँड, मयतालासुद्धा बँड. त्यातून जॅझ तयार झालं. म्हणजे मुळात हे कोट घातलेल्या लोकांचं संगीत नाहीच, बँडवाल्यांचं आहे.

नुसतं एकमेकांसाठी वाजवायला बसणं, ज्याला जॅम म्हणतात, त्याची सगळ्यात गाजलेली जागा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतलं मिंटन्स प्लेहाउस. 1940 नंतरची ती वर्षं. मोठमोठ्या बँडांत पगारावर वाजवणारे लोक सोमवारी रात्री तिथे जमायचे. पगाराच्या ठिकाणी ठरलेलं वाजवायचं आणि इथे मनातलं. थेलोनियस मंक पियानोवर, केनी क्लार्क ड्रमवर, आणि चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी असे वाजवणारे. बीबॉप नावाची जॅझची सगळी नवी चाल अशाच बैठकांतून घडली. याच चार्ली पार्करला पोरवयात एका जॅममध्ये इतकं वाईट वाजवताना ऐकलं, की ड्रमवाल्याने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली, असं सांगतात. पोरगा घरी गेला आणि रियाजाला बसला.

आपल्याकडे हे आलं ते मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात. 1935 साली लिऑन ॲबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला बँड घेऊन तिथे आला. त्यांचं ऐकून शिकले ते मुख्यतः गोव्याचे वादक. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना लहानपणापासून व्हायोलिन आणि नोटेशन वाचायला शिकवायचे, त्यामुळे कागद समोर ठेवला की ही मंडळी वाजवायची. हळदोण्याचे आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, यांना तर लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, असं या लोकांचं आयुष्य.

आणि इथे आपला माणूस येतो. सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. 1951 च्या 'अलबेला'ची गाणी त्यांची, आणि त्या पिक्चरमध्ये चिक चॉकलेट स्वतः बँडसकट दिसतात. भगवानदादांची ती नाचाची गाणी आजही आपल्याकडे हळदीला वाजतात. म्हणजे ज्याला आमचा दादा 'कसलं तरी इंग्रजी' म्हणतो, त्याच्यावर तो स्वतःच्या लग्नात नाचलेला आहे. मी होतो तिथे.

बेंजोचीही एक गंमत सांगतो. जॅझच्या सुरुवातीच्या बँडांत बँजो असायचा, तो ढोलक्यासारखं कातडं ताणलेला, आफ्रिकेच्या लोकांनी अमेरिकेत नेलेला. आपला बेंजो वेगळा. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं हे वाद्य मूळचं जपानचं. नागोयामध्ये 1912 साली तयार झालं, तिकडे नाव ताइशोगोतो. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, त्याला वायर लागली आणि नाव पडलं बेंजो.

मग फायदा काय?

परत येताना गाडीत मी पुतण्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "काका, हळदीला आम्ही दोनशे गाणी वाजवतो. सगळी पाठ. पण कुणी मधेच पट्टी बदलली की आमच्यातले निम्मे थांबतात. इथे थांबता येत नाय." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि तिकडं सगळे एकदम वाजवतात. कोण काय वाजवतंय ते ऐकतच नाय कुणी."

हे मला लागलं. आमच्या गावात पूर्वी दर गुरुवारी भजन बसायचं. कार्यक्रम नसला तरी बसायचं. मी पखवाज शिकलो तो तिथेच, शिव्या खात. कल्याण-कर्जतच्या लोकलमध्ये टाळ घेऊन डब्यात भजन करणारी मंडळं होती, त्यांच्यासमोर कोणता मंडप होता? आता आमचं मंडळ सप्ताहाला आणि डबलबारीची सुपारी आली तरच जमतं. माणसं आहेत, पखवाज आहे, नवी पेटी आणलीय. गुरुवार तेवढा गेला. नवीन पोरगा शिकणार कुठे, तर थेट मंडपात, लोकांसमोर. चुकला की हसतात, दुसऱ्यांदा येत नाही.

ज्यांना घरी करून बघायचंय त्यांच्यासाठी : मोबाईलवर मेट्रोनोमचं ॲप फुकट मिळतं. यूट्यूबवर 'ब्लूज बॅकिंग ट्रॅक' असं शोधा, मागचा साज चालू राहतो आणि वरून आपण वाजवायचं. सुरुवात संथ ट्रॅकने करा. बेंजो, पेटी, बासरी, क्लॅरिनेट काहीही चालतं. तीनच जण असलात तरी चालेल, पण एक जण लय धरणारा हवा आणि आवाज खोलीपुरताच ठेवा. लाऊडस्पीकर तर रात्री दहानंतर कायद्याने बंदच आहे. आणि आपली पाळी नसताना हळू वाजवा. मला सगळ्यात अवघड हेच गेलं. हो, दुसऱ्या मंगळवारी मी ढोलकी घेऊन गेलो होतो. टाळीच्या उलट्या जागा मला दोन फेऱ्यांच्या वर धरता आल्या नाहीत. सरांनी झांज फेकली नाही, चहा दिला.

हे सगळं मी दादाला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे, पण दीड हजाराचं काय?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं, की लग्नाच्या तारखांना मंगळवार आला तर सुपारी घ्यायची आणि बैठक बुधवारी करता येईल का ते मित्रांना विचारायचं. मित्र हो म्हणाले.

गेल्या मंगळवारी उल्हास नदीला पाणी चढलं, रायत्याचा पूल बंद झाला. पुतण्या घरीच. संध्याकाळी त्याने ओटीवर कीबोर्ड काढला, मला हाक मारली, मी पखवाज घेऊन गेलो. दादा आत टीव्ही बघत होता. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज कमी झाला.