एक वर्ग, अनेक पायऱ्या

नागपुरात, जेथे महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी व उर्दू माध्यमांतून चालतात आणि घरी वऱ्हाडी, हिंदी वा गोंडी बोलणारी मुले एकाच बाकावर बसलेली आढळतात, तेथे एकच धडा सर्वांना एकाच रीतीने व गतीने शिकविण्याचा आग्रह हा, माझ्या मते, समतेचा नव्हे, अन्यायाचा आहे. भिन्नस्तरीय अध्यापन म्हणजे साध्य सर्वांचे एकच ठेवून साधन, साहाय्य व अवधी विद्यार्थ्यागणिक बदलणे.

बावन्नातून सत्तावीस वजा करावयाचे आहेत असे समजा: ज्याची दशकाची कल्पना अद्याप पक्की नाही, तो काड्यांच्या पाच गठ्ठ्यांपैकी एक सोडून दहा सुट्या काड्या करतो आणि मगच बारांतून सात उचलतो, ज्याला रीत उमगली आहे, तो पाटीवर उत्तर काढतो, आणि ज्याला हे सहज येते, तो त्याच आकड्यांवर संत्र्यांच्या हिशेबाचे उदाहरण रचून शेजाऱ्यास सोडवावयास देतो. मात्र हे गट कायमचे असता कामा नयेत. वजाबाकीत मागे असलेला मुलगा वाचनात पुढे असू शकतो, आणि ‘कच्चा’ हा शिक्का एकदा बसला की पुसणे फार कठीण.

असे भिन्नस्तरीय अध्यापन ही शिक्षकाच्या मर्जीची बाब नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २४ व्या कलमान्वये प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता तपासून तदनुसार आवश्यक ते जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले आहे. ही तपासणी म्हणजे परीक्षा नव्हे. तासाच्या अखेरीस विचारलेला एखादा प्रश्न आणि वह्यांवरून फिरविलेली नजर, एवढ्यावरूनही उद्याचे गट ठरविता येतात.