निगेटिव्ह रक्तगट, सातवा महिना आणि ७२ तास

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज रायगडच्या किनाऱ्यावर अजून टिकून आहे. मुंबईला, ठाण्याला, पनवेलला संसार थाटलेली मुलगी डोहाळजेवण झालं की रेवदंड्याला, मुरुडला, दिवेआगरला, श्रीवर्धनला आईकडे येते. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला, पुढच्या बाळाला जपणाऱ्या अँटी-डी या औषधाचं पहिलं इंजेक्शन घ्यायचं असतं ते २८व्या आठवड्यात, म्हणजे नेमकं याच दिवसांत. शहरातल्या डॉक्टरांना वाटतं, गावी गेल्यावर घेईल. गावच्या डॉक्टरांना वाटतं, तिकडून घेऊन आली असेल. इंजेक्शन राहून जातं आणि त्याचा फटका बसतो पुढच्या खेपेच्या बाळाला.

निगेटिव्ह रक्तगटाची भीती घरोघरी आहे. ती बहुतेक वेळा चुकीच्या गोष्टीची असते, म्हणून हे लिहायला बसलो.

“नवरा-बायकोचा रक्तगट एक नको”

लग्नाच्या बायोडेटात आता गोत्र, नाडी यांच्या खाली रक्तगटही छापतात. छापावा, चांगलंच आहे. पण ‘एकनाडी म्हणजेच एक रक्तगट, म्हणून आपल्या जुन्या लोकांनी ती वर्ज्य केली’ असं शिकलेली माणसंही ठामपणे सांगतात, आणि त्यापायी जुळत आलेली स्थळं मोडतात. पत्रिकेतली आद्य, मध्य, अंत्य नाडी ठरते जन्मनक्षत्रावरून. रक्तगट ठरतो आईबापांकडून आलेल्या जनुकांवरून. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. दोघांचा रक्तगट एकच असेल तर मुलाला त्यापासून काहीही धोका नाही. दोघंही निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच होणार, आणि आरएचचा प्रश्न तिथेच मिटतो.

लक्ष द्यावं लागतं ते बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह अशा जोडप्याकडे. तेही लक्षच. स्थळ नाकारायला ते कारण नाही.

खरं तर ए, बी, एबी, ओ एवढं जुळून भागत नाही, हे जगाला कळलं तेच एका बाळंतिणीमुळे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या लेव्हिन आणि स्टेटसन या डॉक्टरांनी तिची हकिगत प्रसिद्ध केली. मूल पोटातच गेलेलं. तिला रक्त हवं होतं, नवऱ्याचा गट तिच्यासारखाच ओ, म्हणून त्याचंच रक्त चढवलं. तिला जबर त्रास झाला. बाळाकडे बापाकडून आलेलं असं काहीतरी त्या रक्तात होतं, ज्याच्याविरुद्ध तिचं शरीर आधीच तयार झालं होतं. पुढच्याच वर्षी लँडस्टायनर आणि वीनर यांनी आरएच घटकाचा शोध जाहीर केला.

“निगेटिव्ह म्हणजे रक्तात खोट”

लाल पेशींवर ‘डी’ नावाचं एक प्रथिन असलं की पॉझिटिव्ह, नसलं की निगेटिव्ह. एवढंच. भारतात साधारण वीस माणसांत एक निगेटिव्ह असतो, युरोपात त्याच्या तिप्पट. अंगात रक्त कमी असणं ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यावर लोहाच्या गोळ्या आहेत. रक्तगट गोळ्यांनी, पालेभाज्यांनी किंवा नवसाने बदलत नाही आणि बदलायची गरजही नाही. काही जण निगेटिव्हलाच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ समजतात. तो गट निराळाच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. त्या माणसांच्या रक्तात ए आणि बी तर नसतातच, ओ गटात सापडणारा ‘एच’ घटकही नसतो.

“दोघंही पॉझिटिव्ह, मग पोर निगेटिव्ह कशी?”

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो आणि बाईच्या चारित्र्यावर जाऊन थांबतो. म्हणून स्पष्ट लिहितो. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एक ‘डी’ आणि एक रिकामी अशी जोडी असली तरी माणूस पॉझिटिव्हच दिसतो. अशा दोघांच्या पोटी चारांत एक मूल निगेटिव्ह होण्याची शक्यता असते. यात संशयाला जागा नाही. घरात कुणी असा प्रश्न काढला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

“पहिलं बाळ धडधाकट झालं, मग इंजेक्शन कशाला?”

सगळ्यांत जास्त नुकसान या समजानं होतं, कारण तो अनुभवाला धरून आहे. पहिलं बाळ खरोखरच बहुधा सुखरूप असतं. गरोदरपणात आईचं आणि बाळाचं रक्त सहसा मिसळत नाही. बाळंत होताना, वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर त्या परक्या ‘डी’ला ओळखून ठेवतं आणि अँटीबॉडी तयार करतं. त्याला काही आठवडे लागतात. तोवर पहिलं बाळ पाळण्यात असतं, त्याला काही होत नाही.

पुढच्या खेपेला पुन्हा पॉझिटिव्ह बाळ असेल तर तयार असलेल्या अँटीबॉडी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या लाल पेशी फोडतात. बाळ पांढरं पडतं, त्याच्या अंगात पाणी साठतं, हृदयावर ताण येतो. काही बाळं पोटातच जातात. जन्माला आली तर काही तासांत कावीळ चढते. आपल्या आज्यांच्या काळात ‘तिची एवढी पहिली जगली, मागची सगळी गेली’ असं ज्या बायकांबद्दल बोललं जायचं आणि ज्यांना बाहेरची बाधा झाल्याचं ठरवलं जायचं, त्यांतल्या काही जणींचं कारण हेच असणार, असं मला वाटतं. उतारे झाले, अंगारे झाले, दोष मात्र त्या बाईच्या माथी राहिला.

अँटी-डी न देता सोडलं तर पॉझिटिव्ह बाळ झालेल्या १०० निगेटिव्ह मातांपैकी सुमारे १५ जणींच्या शरीरात या अँटीबॉडी तयार होतात. बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत इंजेक्शन दिलं तर हा आकडा एक-दोनवर येतो. २८व्या आठवड्यातलंही घेतलं तर हजारात एक-दोन. हे औषध १९६८पासून वापरात आहे. ज्या आजारानं पिढ्यान्‌पिढ्या मुलं गेली, तो दोन सुयांनी अडतो.

“एकदा घेतलं की जन्माचं काम झालं”

नाही. धनुर्वाताच्या लसीसारखं हे इंजेक्शन शरीराला काही शिकवत नाही. ते उसन्या अँटीबॉडी देतं. आईच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी त्या तिच्या शरीराच्या लक्षात येण्याआधीच निपटून काढतात आणि काही आठवड्यांत स्वतःही संपतात. म्हणून प्रत्येक गरोदरपणात ते नव्यानं घ्यायचं. याच कारणानं त्याचा वंध्यत्वाशी काही संबंध नाही. शरीरात अँटीबॉडी आधीच तयार झाल्या असतील तर मात्र त्याचा उपयोग होत नाही. ते कळण्यासाठी ‘इनडायरेक्ट कूम्ब्स’ ही साधी रक्ततपासणी सुरुवातीलाच करतात.

दुसऱ्याच्या रक्तापासून बनवलेलं म्हणून काही जणी घाबरतात. अँटी-डी बऱ्याच काळापासून दात्यांच्या प्लाझ्मापासून बनतं, आणि तो तपासून, शुद्ध करूनच वापरतात. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी या औषधासाठी हयातभरात १,१७३ वेळा रक्तदान केलं. २०२५मध्ये ते वारले. आता प्रयोगशाळेत पेशींपासून तयार केलेलं अँटी-डीही भारतात मिळतं.

“तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडलं, त्याचं काय एवढं?”

गर्भपात, नळीत राहिलेला गर्भ, गरोदरपणातला रक्तस्राव, दुचाकीवरून पडून पोटाला बसलेला मार, गर्भजल तपासणी, या सगळ्यांत बाळाचं रक्त आईच्या रक्तात जाऊ शकतं. तेव्हाही ७२ तासांचंच गणित लागू आहे. १२ आठवड्यांच्या आतल्या गर्भपातात इंजेक्शनची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये म्हटलं. आपल्याकडे अनेक डॉक्टर तरीही देतात. तो निर्णय डॉक्टरांचा. पण त्यांच्यापर्यंत ‘मी निगेटिव्ह आहे’ हे पोचलं पाहिजे. गुपचूप गोळ्या घेऊन घरीच मोकळ्या झालेल्या बाईचं ते पोचत नाही.

“बाळंतीण सुखरूप आहे, घरी नेऊ, इंजेक्शनचं नंतर बघू”

बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त तपासून त्याचा गट काढतात. बाळ निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागत नाही. पॉझिटिव्ह असेल तर ७२ तास सुरू होतात. शहरात हा वेळ भरपूर वाटतो. मुरुडहून अलिबाग जवळपास ५० किलोमीटर, दिघीवरून आगरदांड्याला यायचं तर फेरीबोट, पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद. रविवार मध्ये आला, औषध दुकानात नसलं, बाळाचा रिपोर्ट दुसऱ्या गावाहून यायचा असला, की तीन दिवस बघता बघता सरतात.

शिवाय अँटी-डी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-मुरुडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढं वादळ रोज येत नाही, पण जूनमध्ये दोन-दोन दिवस वीज जाणं कुणाला नवीन आहे? म्हणून इंजेक्शन आधीच आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. ज्या रुग्णालयात बाळंतपण ठरलंय तिथे आठव्या महिन्यातच विचारा: अँटी-डी शिल्लक आहे का, नसेल तर कुठून आणि किती वेळात येईल? निगेटिव्ह रक्त लागलंच तर कुठून मिळेल, हेही त्याच वेळी विचारा. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात रक्तपेढी आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधं, तपासण्या आणि लागलं तर रक्त, हे २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. मागायला संकोच नको.

७२ तास उलटले तरी ‘आता काही उपयोग नाही’ म्हणून गप्प बसू नका. उशिरानं, दहा दिवसांपर्यंत दिलेल्या इंजेक्शनचाही काही फायदा होऊ शकतो.

“पिवळं पडलंय, कोवळ्या उन्हात धरा”

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ थोडं पिवळं दिसणं पुष्कळदा साधं असतं. पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ मात्र कधीच साधी नसते, मग आई निगेटिव्ह असो वा ओ पॉझिटिव्ह. ओ गटाच्या आईच्या ए किंवा बी गटाच्या बाळालाही रक्तगटाची कावीळ होते. पिवळेपणा फार चढला तर मेंदूला कायमची इजा होते. त्यावर निळ्या प्रकाशाचे दिवे आहेत, आणि गरज पडली तर बाळाचं रक्त बदलतात. कावीळ उतरवणाऱ्याकडे गेलेला एक दिवस पुढे भरून काढता येत नाही.

ज्यांच्या शरीरात अँटीबॉडी तयार झाल्याच आहेत, त्यांनीही आशा सोडू नये. १९६३मध्ये न्यूझीलंडच्या डॉ. लाइली यांनी पोटातल्या बाळाला पहिल्यांदा रक्त चढवून दाखवलं. आज सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूकडच्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग मोजून त्याचं रक्त कमी झालंय का ते कळतं, आणि पोटात असतानाच रक्त देता येतं. अशा बाईनं दिवस राहताच मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवावं.

माहेरी निघणाऱ्या मुलीच्या आईला आणि सासूला माझी एकच विनंती आहे. तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट लाल शाईनं ठळक लिहून घ्या, २८व्या आठवड्यातलं इंजेक्शन कोणत्या तारखेला आणि कुठे झालं तेही लिहून घ्या, आणि गाडीत किंवा बोटीत बसताना ते कार्ड तिच्या हातातल्या पिशवीत आहे ना, ते बघा.